रिकाम्या गावातला माणूस

गेला महिनाभर शर्मिष्ठाबाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. खुर्चीत बसल्या की खिडकीशी जावंसं वाटे, खिडकीशी गेल्या की यज्ञेशच्या टेबलाशी. ओरोसच्या परिविक्षा कार्यालयाच्या त्या प्रमुख. एखाद्याला कोर्टानं दोषी ठरवलं, पण पहिलाच गुन्हा म्हणून तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या मुचलक्यावर घरी सोडलं, की त्या माणसावर देखरेख ठेवायची, हे त्या कार्यालयाचं काम. देखरेख ठेवणारे दोघे, नम्रता आणि यज्ञेश. आणि त्या दोघांकडून ते काम करून घेणाऱ्या बाई.

महिन्यापूर्वी असाच मुचलक्यावरचा एक जण कोणाला न सांगता गोव्याला गेला आणि तिथल्या एका बारमध्ये त्यानं बाटली फोडली, तीही दुसऱ्याच्या खांद्यावर. भर सुनावणीत न्यायाधीश शर्मिष्ठाबाईंना म्हणाले, "तुमची माणसं देखरेख करतात, की नुसत्या सह्या घेतात?" बाई कोर्टातून निघाल्या त्या थेट येऊन दोघांसमोर उभ्या राहिल्या.

"आजपासून एक रात्रसुद्धा घराबाहेर मुक्कामाची परवानगी द्यायची नाही. लग्न असो, बारसं असो. कोणी मागायला आला तर नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मला विचारत बसू नका."

नम्रतानं शांतपणे मान डोलावली. ती इथल्याच जामसंड्याची, या कामात मुरलेली. बाईंचा राग किती दिवस टिकतो याचा तिला चांगला अंदाज होता. यज्ञेश मात्र कोल्हापूरकडचा, पावसाळ्यात फोंडाघाट उतरून पहिल्यांदाच कोकणात नोकरीला आलेला. त्यानं बाईंचं वाक्य जसंच्या तसं उचललं.

डिसेंबरातल्या एका सकाळी बाईंचा फोन वाजला.

"बाई, मी विमला. पाळेखोलची. सर्वेशची आवस."

बाईंना लगेच ओळख पटली. विमला मासे विकायची. तिचा मुलगा सर्वेश रापणीवर जाळं ओढायला जायचा. जेटीवर होडी कोणी कुठं लावायची यावरून भांडण झालं आणि सर्वेशनं समोरच्याच्या डोक्यात वल्हं घातलं. तो माणूस बरा झाला, आणि सर्वेशला कोर्टानं दोन वर्षांच्या मुचलक्यावर सोडलं. त्याची देखरेख यज्ञेशकडे होती.

"बोल विमला. तुम्ही सगळे आता गावाबाहेर ना?"

पाळेखोलात गावपळण चालू असल्याचं बाईंनी पेपरात वाचलं होतं. दर चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा गाव, गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट, वेशीबाहेर जातो आणि झावळांच्या राहुट्या घालून राहतो. तेवढे दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, माणूस राहत नाही. तीन रात्री झाल्या की मानकरी तेवढे देवळात जातात आणि पुन्हा कौल घेतात. देवानं हो म्हटलं तर सगळे घरी, नाही म्हटलं तर आणखी एक रात्र बाहेर.

"भायरच आसंव," विमला म्हणाली आणि तिचा आवाज एकदम खाली गेला. "पण सर्वेश भायर नाय, बाई. तो थंयच रवलो. घरात."

"घरात? गावपळणीत?"

"हळू बोला गो! तुमच्या त्या नव्या सायबान सांगल्यान, रातचो घराभायर दिसलंस तर कोर्टाक कळवतलंय. माका म्हणूक लागलो, आये, देवाक मागसून नारळ देऊन समजावतंय, कोर्टाक कसो समजावू? दार लावन बसलो. फोन पण बंद करून ठेवल्यान, कोणाक वाजलेलो आयकाक जाव नये म्हणान. मी हय सगळ्यांक सांगलंय, झील होडयेर गेलो. आणि आज सकाळी देवान कौल दिल्यानच नाय. आता आबा राहुट्ये-राहुट्येन विचारीत फिरतत, मागे कोण रवला म्हणान."

बाई खुर्चीतून उठल्याच होत्या. आबा म्हणजे पाळेखोलचे पहिले मानकरी. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेच सर्वेशचे जामीनदार. बाप नसलेल्या पोरासाठी कोर्टात उभं राहायला कोणी तयार होईना, तेव्हा आबांनी सही केली होती. जामीनदारानं अंग काढून घेतलं की कोर्ट दुसरा जामीन मागतं. दुसरा मिळाला नाही तर मुचलका मोडतो आणि टळलेली शिक्षा परत समोर येऊन उभी राहते. आणि देवाची गावपळण मोडलेल्या माणसाला पाळेखोलात दुसरा जामीन कोण राहणार?

"तो आत गेलो तर मी काय करू, बाई?" विमलानं विचारलं.

"मी येते," एवढंच बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्या यज्ञेशच्या टेबलाशी गेल्या. "सर्वेशनं तुझ्याकडे परवानगी मागितली होती?"

"हो मॅडम, मागच्या आठवड्यात. तीन-चार रात्री घराबाहेर राहायचंय म्हणाला. मी नाही सांगितलं."

"कशाला राहायचंय, विचारलंस?"

"देवाचं आहे म्हणाला. मला वाटलं जत्रा असेल. मारामारीच्या गुन्ह्यातला माणूस, जत्रेत चार रात्री कसा सोडायचा?"

"अख्खा गाव जाणार आहे असं नाही म्हणाला?"

"म्हणाला की. जत्रेला अख्खा गावच जातो ना, मॅडम?"

पलीकडच्या टेबलावर नम्रता फस्सकन हसली आणि तिनं जीभ चावली. मग तिनं यज्ञेशला गावपळण म्हणजे काय ते सांगितलं, आणि विमला फोनवर काय म्हणाली ते बाईंनी. ऐकता ऐकता यज्ञेशचं तोंड उतरत गेलं.

"मग त्यानं असं नीट का नाही सांगितलं?"

"अरे, त्याच्या मनातसुद्धा आलं नसेल. आमच्याकडे गावपळण कोणी कोणाला समजावून सांगतं होय?"

"पण मॅडमच म्हणाल्या होत्या, मागायला आला की नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं." यज्ञेशच्या आवाजात तक्रार नव्हती. पाठ केलेला धडा म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखा तो बोलला, आणि म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं.

नम्रताजवळ उपाय तयार होता. "मॅडम, मी जाते. खाडीतून होडी नेऊन त्याला मागच्या बाजूनं काढू आणि वेशीबाहेरच्या जेटीवर उतरवू. होडीवर गेलाय म्हणून विमला सांगतेच आहे, तेही खरं ठरेल. आबांना कळायचं कारणच नाही."

उपाय चांगला होता. दुपारपर्यंत सगळं मिटलं असतं. बाई खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

"तू होडी बघून ठेव. पण अजून काही करू नको. यज्ञेश, चल माझ्याबरोबर."

"ह्याला नेताय?" नम्रतानं डोळे मोठे केले. "ह्याला तिथं कोण काय बोललं तेसुद्धा कळायचं नाही."

"सर्वेश ह्याचा माणूस आहे," बाई म्हणाल्या आणि चप्पल शोधू लागल्या.

मसुऱ्याच्या रस्त्याला गाडी लागली तरी बाईंचं मन ठरत नव्हतं. कार्यालयाच्या भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर मधू अधूनमधून आरशातून बघत होता.

"बाई, तुमी पाय मारतास तो ब्रेकावर नाय, माज्या सीटवर लागता."

बाईंनी पाय आवरला. शेजारी यज्ञेश हळूच म्हणाला, "मॅडम, हे सगळं अंधश्रद्धेत नाही येत का?"

"ते आपण मग सावकाश बोलू. आत्ता सर्वेशचा जामीन गेला तर तुझा पुढचा अहवाल काय असेल, ते सांग."

बाईंच्या फोनवर नम्रताचा निरोप आला. होडी तयार आहे, नुसतं हो म्हणा. बाईंनी तो वाचला, फोन उपडा ठेवला, पुन्हा सुलटा केला. आपण ह्या मुलाला कशाला बरोबर घेतलंय, काय शिकवायला, हे त्यांचं त्यांनाच धड सांगता आलं नसतं.

पाळेखोलची वेस म्हणजे एक उथळ व्हाळ, ओढाच म्हणा. पलीकडे गाव, अलीकडे माळावर राहुट्या. झावळांच्या भिंती, आत चटया, बाहेर तीन दगडांच्या चुली. शाळा बंद, त्यामुळे पोरांचं राज्य होतं. कोणी खाडीतल्या कुर्ल्या दोऱ्याला बांधून फिरवत होतं, कोणी डालग्याखालच्या कोंबड्यांना डिवचत होतं. मोठी माणसं मात्र कावलेली दिसत होती. सकाळीच घरी जायचं म्हणून बांधलेली बोचकी परत सोडावी लागली होती.

गाडी थांबताच आबा पुढं आले. उंच, वाळके, खांद्यावर पंचा.

"या या बाई! सरकारची गाडी! आता आमच्या गावपळणीक पण परवानगी व्हयी काय?"

आजूबाजूचे हसले. बाईही हसल्या. "नाय हो आबा. मसुऱ्याक इललंय, म्हटला सहज..."

"सहज? तुमच्या हापिसाचा माणूस सहज कधी कोणाकडे इल्याचा माका आठवत नाय." आबांनी डोळे बारीक केले. "बरा, इलास ता बरा झाला. तुमचो सर्वेश खंय आसा? आवस म्हणता होडयेर. होडयेवाले म्हणतत आमच्याकडे नाय."

राहुटीच्या दारात विमला पदराचं टोक दातात धरून उभी होती. बाईंच्या हातातला फोन थरथरला. नम्रताच असणार. आता नुसतं "दुसऱ्या होडीवर असेल" म्हटलं की झालं. बाईंनी तोंड उघडलं.

"सर्वेश गावात आहे, आबा," यज्ञेश म्हणाला. "त्याच्या घरात. मी त्याला बाहेर राहायला नाही म्हटलं होतं. मला गावपळण माहीत नव्हती."

बाईंच्या मनात पहिल्यांदा आला तो रागच. झालं, घालवलं ह्यानं सगळं!

मग एकच गिल्ला झाला. शेजारच्या राहुटीतली रुक्मिणी कमरेला हात लावून विमलासमोर येऊन उभी राहिली. "होडयेर गेलो म्हणा होतंस ना गो? माजी पोरां थंडीन कुडकुडतत, आणि तुजो झील घरात गोधडी घेऊन निजलो! देव कौल देतलो कसो?"

"नीज खंयची गो रुक्मिणी..." विमला म्हणू लागली.

आबांनी हात वर केला. ते ओरडले नाहीत, आणि त्याचीच बाईंना जास्त भीती वाटली.

"बाई, तेच्या कागदार जामीन म्हणान सही कोणाची आसा?"

"तुमची."

"मगे माका एक फोन करूक तुमका काय झालला? कोणाचो कोंबडो हरवलो तरी लोक माका फोन करतत. तुमी माजी सही घेतलास आणि माका इसारलास. मी काय नुसतो सहयेचो धनी?" त्यांनी पंचा झटकला. "उद्या मालवणाक कोर्टात जातंय आणि जामीन काढून टाकतंय. देवाकडे पण मीच जबाब द्यायचो, कोर्टाकडे पण मीच. ह्या वयात माका झेपणा नाय."

बाई पुढं झाल्या. कार्यालयातली भाषा आपोआप गळून पडली. "आबा, हुकूम माजो होतो. मी ह्या पोराक सांगलंय, कोणी मागूक इलो तर नाय म्हण, माका विचारू नको. तेनी माजा आयकल्यान. सर्वेशान तेचा आयकल्यान. चुकलंय ती मी."

"आधी तेका भायर काढा," आबा म्हणाले. "जामिनाचा मगे बघूया."

काढायचं कसं? कौलाशिवाय वेशीच्या आत कोणी जायचं नाही. शेवटी सगळा जमाव व्हाळाच्या काठी आला. समोरच माडांच्या आड विमलाचं घर दिसत होतं. विमलानं तोंडाशी हात धरून हाक मारली. दोन-तीन हाकांनंतर दार किलकिलं झालं आणि सर्वेश कुंपणाशी आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. एवढा गाव समोर बघून तो तिथंच थबकला.

"ये रे भायर!"

"येवचंय नाय! सायबान सांगल्याशिवाय येवचंय नाय!"

यज्ञेश पाण्यापर्यंत धावला. "सर्वेश, मीच सांगतोय! बाहेर ये!"

पलीकडे जरा विचार झाला. "त्या दिवशी नको म्हणालास, आज ये म्हणतास. लिवन द्या!"

माणसं खदाखदा हसली. रुक्मिणीनंसुद्धा तोंड फिरवून ओठांना पदर लावला. यज्ञेशनं वही काढली आणि सवयीनं बाईंकडे बघितलं. "काय लिहू, मॅडम?"

मजकूर बाईंच्या जिभेवर होता, क्रमांक-दिनांकासकट. त्यांनी तो गिळला. "तुला योग्य वाटेल ते लिही. तुझी सही, तुझी जबाबदारी."

यज्ञेशनं लिहिलं, सही केली, कागद दगडाभोवती गुंडाळून फेकला. दगड पलीकडे पडला, कागद सुटून व्हाळात वाहत गेला. पोरांनी टाळ्या पिटल्या. यज्ञेशनं पुन्हा लिहिलं, मधूनं गाडीतली सुतळी आणून दिली आणि ह्या खेपेला दगड नीट बांधून गेला. सर्वेशनं कागद सोडवला, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला, घडी घालून खिशात ठेवला. मग तो घरात परत गेला. कुलूप लावून तो व्हाळ उतरू लागला तेव्हा त्याच्या एका हातात पिशवी होती आणि काखेत एक कोंबडी.

"ही पण मागे रवली होती?" आबा म्हणाले. "मगे कौल खंयसून गावतलो!"

सर्वेश काठावर चढला आणि आबांच्या पुढ्यात खाली मान घालून उभा राहिला. विमला त्याला हात लावायला धजेना.

"तीन राती दिवो लावलंस?" आबांनी विचारलं.

"नाय आबा."

"चूल?"

"नाय पेटवलंय. पोहे भिजवन खाल्लंय. हिकापण तेच घातलंय." त्यानं कोंबडी जरा वर धरली. "देवाचा जितक्या पाळूक गावला तितक्या पाळलंय. घर तेवढा सोडूक गावला नाय."

"भियालंस?"

सर्वेशनं कोंबडी छातीशी धरली. "दुसऱ्या राती लय भियालंय. एक कुत्रोसुदीक भुंकणा नाय, आबा. व्हाळापर्यंत येऊन परत गेलंय."

आबा त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी आबांनी पंचा खांद्यावर टाकला.

"अक्कल कमी आसा, पण दिललो शब्द धरून बसता. अशा माणसाचो जामीन रवाक माका भय नाय. सही काढणा नाय मी."

विमलानं पुढं होऊन सर्वेशच्या हातातली पिशवी घेतली.

"पण आयका," आबा बाईंकडे वळले. "ज्यांनी एक माणूस आत अडकवल्यान, त्यांनी एक रात भायर काढूची. ह्यो तुमचो सायब आज हय रवतलो. आणि बाई, हुकूम तुमचो होतो म्हणालास. तुमी पण रवतलास."

परत हशा पिकला. यज्ञेशला शब्द कळले नव्हते, पण अर्थ कळला असावा. "मी राहतो," तो म्हणाला. बाईंनी नुसती मान हलवली आणि बाजूला जाऊन नम्रताला फोन लावला.

"होडी नको. जामीन राहिला. उद्या दुपारपर्यंत कार्यालय तू सांभाळ. आणि ऐक, मागच्या महिन्यातला माझा तो हुकूम रद्द. कोणी परवानगी मागायला आला तर आधी सगळं विचारून घ्यायचं. जामीनदारालासुद्धा विचारायचं."

मग नम्रता म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? मी तो पाळतच नव्हते. दोन लग्नांना आणि एका बारशाला माणसं सोडलीत मी."

"काय?"

"तुम्हीच म्हणालात, मला विचारत बसू नका."

"उद्या बोलू आपण," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

उन्हं कलली. विमलाच्या राहुटीत बाईंना चटई मिळाली, पण त्यांना बसवत नव्हतं. उद्या सकाळी देवानं पुन्हा कौल दिला नाही तर? रुक्मिणी अजून विमलाशी बोलत नव्हती. समोर चुलीसाठी लाकडं फोडायचं काम आबांनी सर्वेशला लावलं होतं, आणि यज्ञेश बाह्या वर करून फोडलेली लाकडं गोळा करत होता. दोघांचं काहीतरी चाललं होतं. बाईंनी कान दिला.

"आणखी काय काय असतं तुमच्याकडे? म्हणजे मला माहीत नसेल असं?"

"सगळाच सांगू?"

"सगळं. परत माझ्याकडून नाही म्हटलं जायला नको."

"मगे ऐका, सायब. शिमग्यात आमचे देव घराघरान फिरतत. तेव्हा माका पालखी धरूची लागता. पाच राती."

"पाच?" यज्ञेशचा हात थांबला. "कुठं कुठं? आणि बरोबर कोण असतं?"

पाच रात्री, तीही शिमग्याच्या! बाई झटकन उठल्या. ह्याला आत्ताच काही सांगायला हवं होतं. निदान पोलिसांना आधी कळवावं लागतं हे तरी.

"खंय चललास, बाई?" विमलानं विचारलं.

बाई राहुटीच्या दारात थांबल्या. तिकडे यज्ञेशचे प्रश्न अजून संपले नव्हते. पालखी कुठून निघते, दारू कोण पितं, आबा बरोबर असतात का. त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"खंय नाय," त्या म्हणाल्या आणि परत येऊन विमलाच्या शेजारी चटईवर बसल्या.